गुलमर्ग, फेब्रुवारी: अफरवाट डोंगरावरचा बर्फ आणि उतार कसे असतात?

सोंडवाट:
फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात आम्ही चौघे पुण्याहून आठ दिवसांसाठी गुलमर्गला जातोय. चौघांचाही बेसिक स्की कोर्स झालाय. दाबून सपाट केलेल्या उतारावर समांतर वळणं जमतात, हवं तिथे थांबता येतं. ताज्या, खोल बर्फात मात्र कुणीच स्की केलेलं नाही. सह्याद्रीत नियमित भटकतो, त्यामुळे दम आहे.

माहिती शोधताना एकीकडे "जगातली उत्तम पावडर" (ताजा, कोरडा, भुसभुशीत बर्फ) असं वाचायला मिळतं आणि दुसरीकडे हिमस्खलनाच्या बातम्या. म्हणून नेमकं विचारतो:
१) त्या सुमारास बर्फाची प्रत साधारण कशी असते?
२) गोंडोलाच्या (रोपवेच्या) दुसऱ्या टप्प्यावरून खाली उतरणं आमच्या पातळीला झेपेल का?
३) स्की भाड्याने घेताना काय बघायचं?
४) दोरीच्या (गस्त पथकाने आखलेल्या हद्दीच्या) आतच राहणार असलो तरी ट्रान्सीव्हर (हिमस्खलनात गाडलेल्याला शोधायचं रेडिओ यंत्र) लागतो का?

हिमरेघ:
पहिल्या प्रश्नापुरतं लिहितो, कारण बाकीच्यांची उत्तरं बरीचशी त्यावरच ठरतात.

बर्फाच्या उंचीचा आकडा सगळे विचारतात. तो हवाच, पण त्याआधी बर्फ कोणत्या क्रमाने पडला ते काढा. काश्मीरचा हिवाळा पश्चिमी विक्षोभांवर, म्हणजे पश्चिमेकडून येणाऱ्या वादळी प्रणालींवर चालतो. एक विक्षोभ येतो, दोन-तीन दिवस जोरदार बर्फ पडतो, मग आठवडाभर किंवा जास्त काळ निरभ्र थंडी. तिथल्या कडक थंडीचे तीन काळ मानतात: चिल्लई कलान २१ डिसेंबर ते ३० जानेवारी असे चाळीस दिवस, त्यानंतर वीस दिवसांचा चिल्लई खुर्द आणि दहा दिवसांचा चिल्लई बच्चा. तुम्ही चिल्लई खुर्दमध्ये पोचताय. भरवशाच्या बर्फासाठी काळ चांगला आहे, पण हमी कुणी देऊ शकत नाही. जानेवारी २०२४ मध्ये गुलमर्गचं मैदान महिन्याच्या बऱ्याच भागात उघडं पडलेलं होतं आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये बर्फाअभावी खेलो इंडियाच्या हिवाळी स्पर्धा पुढे ढकलून मार्चमध्ये घ्याव्या लागल्या.

आता क्रम का महत्त्वाचा ते सांगतो. जमिनीलगत बर्फाचं तापमान शून्याच्या आसपास असतं. समजा डिसेंबरात फक्त ५० सें.मी. बर्फ पडला आणि निरभ्र रात्री पृष्ठभाग उणे १२ पर्यंत गेला. म्हणजे दर १० सें.मी.ला २.४ अंशांचा फरक. हा फरक दर १० सें.मी.ला साधारण १ अंशाच्या वर गेला की खालच्या थरातली वाफ वर सरकते आणि कणांचा एकमेकांना धरलेला सांधा तुटतो. जाड साखरेसारखे सुटे, कोनदार खडे तयार होतात. मुठीत दाबले तर गोळा होत नाही. हाच तळ. थंडी तेवढीच पण बर्फ २ मीटर असेल, तर तोच फरक दर १० सें.मी.ला ०.६ अंशावर येतो आणि थर हळूहळू घट्ट होत जातो. म्हणून पातळ बर्फाची सुरुवात वाईट, जाड बर्फाची सुरुवात चांगली.

कोरडा जानेवारी गेला आणि फेब्रुवारीत एकदम मीटरभर बर्फ पडला, तर फोटो अप्रतिम येतात आणि खाली मात्र साखरेचा पाया असतो. २०२४ चा क्रम असाच होता: कोरडा काळ, मग जोरदार हिमवृष्टी, आणि २२ फेब्रुवारीला कोंगडोरीजवळ ऑफ-पिस्ट (आखलेल्या वाटांबाहेरच्या) उतारावर हिमस्खलन होऊन एका रशियन स्कीअरचा मृत्यू झाला.

ताज्या बर्फाची प्रत तापमानावर ठरते. उणे १० च्या खाली, वारा नसताना पडलेला बर्फ इतका हलका असतो की हातमोज्यावर घेऊन फुंकर मारली तर उडतो. फेब्रुवारीच्या उत्तरार्धात विक्षोभ उबदार असेल तर तोच बर्फ दुप्पट जड येतो, आणि गुलमर्गच्या खालच्या जंगलात पाऊसही पडू शकतो. गुलमर्ग साधारण २,६५० मीटरवर, दुसऱ्या टप्प्याचं वरचं स्थानक सुमारे ३,९५० मीटरवर. हजार मीटरला साडेसहा अंश धरले तर वर आठ-साडेआठ अंश जास्त थंडी. खाली उणे २ असेल तर वर उणे १०, आणि वारा वेगळा.

आणखी एक. गुलमर्ग ३४ अक्षांशावर आहे, युरोपातल्या आल्प्सपेक्षा बरंच दक्षिणेला. ऊन फेब्रुवारीतही कडक लागतं. उन्हाच्या बाजूचा उतार दुपारी ओला होतो, रात्री गोठतो आणि दुसऱ्या दिवशी वर पापडी मिळते. सावलीची बाजू आठवडाभर मऊ राहते. एकाच दिवशी दोनशे मीटरच्या अंतरावर दोन वेगळे बर्फ भेटतात, यात नवल नाही.

घळवाटाड्या:
दुसऱ्या प्रश्नावर. थेट सांगतो: पहिले तीन दिवस दुसऱ्या टप्प्याचा विचार करू नका.

कारण भूरचना. पहिला टप्पा गुलमर्ग ते कोंगडोरी, सुमारे ३,१०० मीटरपर्यंत. कोंगडोरीला मोकळे, सौम्य उतार आहेत, काही भाग यंत्राने दाबलेला असतो. तिथून मेरीज शोल्डरकडे खुर्चीची लिफ्ट जाते. दुसरा टप्पा थेट अफरवाटच्या धारेखाली नेऊन सोडतो. तिथे झाड नाही, दाबलेली वाट नाही. समोर रुंद बाउल (वाटीसारखा खोलगट उतार), दोन्ही बाजूंना सोंडा, आणि सोंडांच्या पलीकडे एकामागून एक घळी. सह्याद्रीत घळ म्हणजे वर चढायची सोय. इथे घळ म्हणजे वरून येणारा सगळा बर्फ जिथे गोळा होतो ती जागा. छोटं हिमस्खलनसुद्धा घळीत माणसाला दोन-तीन मीटर खोल गाडू शकतं. उतरताना सोंडेच्या पाठीवर राहायची सवय लावून घ्या.

गोंडोलाखालचा मुख्य बाउल एवढाच भाग गस्त पथक सांभाळतं. हिमवृष्टीनंतर तिथे स्फोटकं लावून सैल बर्फ मुद्दाम पाडतात, मग टप्पा उघडतात. त्याला एक दिवस लागतो, कधी दोन, आणि वारा असेल तर आणखी. दोरीबाहेर असं काहीही होत नाही. शार्क्स फिन, हापतखुड, खिलनमर्गच्या वरचे उतार, द्रंग किंवा बाबरेशीकडे उतरणाऱ्या सोंडा, सगळं दोरीबाहेर. बाहेर जाणाऱ्या स्कीच्या रेघा दिसतात म्हणून वाट सुरक्षित ठरत नाही. कमकुवत थरावरून दहा जण सुखरूप जातात आणि अकराव्याच्या वजनाने तो तुटतो. हापतखुडला १ फेब्रुवारी २०२३ रोजी दोन पोलिश स्कीअर गेले. खिलनमर्गला ८ फेब्रुवारी २०१० रोजी लष्कराच्या हाय अल्टिट्यूड वॉरफेअर स्कूलचे सतरा जवान गेले, आणि ते डोंगरात राहून शिकणारे लोक होते.

बहुतेक स्लॅब (एकसंध तुटून सरकणारे बर्फाचे थर) ३० ते ४५ अंशांच्या उतारावर सुटतात, सर्वाधिक ३८ च्या आसपास. डोळ्यांचा अंदाज इथे हमखास चुकतो, पांढऱ्यावर पांढरं असल्यामुळे उतार सौम्य वाटतो. मोजायची सोपी रीत: दोन्ही पोल (स्कीच्या काठ्या) सारख्या लांबीचे करा. एक पोल उताराच्या दिशेने, टोक वर आणि मूठ खाली ठेवून बर्फात दाबा, ठसा उमटेल. आता टोक जागेवरच ठेवून मूठ उचला आणि त्याच मुठीपासून दुसरा पोल ओळंब्यासारखा सरळ खाली सोडा. त्याचं टोक ठशाच्या खालच्या कडेवर बरोबर टेकलं तर उतार ३० अंश. ठशाच्या आत टेकलं तर कमी, ठशाच्या खाली गेलं तर जास्त. १२० सें.मी.चा पोल असेल तर दर १० सें.मी.ला साधारण ३ अंश वाढवा. सरावासाठी आधी कोंगडोरीच्या सौम्य उतारावर करून बघा. आणि मोजायला उभे राहाल ती जागासुद्धा उताराच्या खाली नको, तीव्र उतार वर असेल तर तुम्ही सपाटीवर असूनही त्याच्या वाटेत असता.

वाऱ्याबद्दल: धारेवर वारा एका बाजूचा बर्फ खरवडून दुसऱ्या बाजूला नेऊन टाकतो. आभाळ मोकळं असताना, बर्फाचा एक कणही न पडता, वाऱ्याच्या आडोशाच्या बाजूला तासाभरात धोकादायक जाडी जमू शकते. खूण अशी: खरवडलेल्या बाजूला पृष्ठभागावर लाटा आणि कडक कंगोरे, भरलेल्या बाजूला गुळगुळीत, फुगलेली उशी, पोल टोचला की खडूच्या तुकड्यासारखा आवाज. धारेच्या कडेला बर्फाचा छज्जा पुढे आलेला असतो. खालची जमीन कुठे संपते ते वरून कळत नाही, म्हणून कडेपासून लांब राहा.

तीन खुणा दिसल्या तर त्या दिवशी तीव्र उतार बंद: पायाखाली "धप्प" असा बसका आवाज, स्कीपासून पुढे पळत जाणाऱ्या भेगा, किंवा त्याच दिशेच्या शेजारच्या उतारावर ताजं हिमस्खलन. यापुढे कुठलीही चाचणी करायची गरज नाही.

हिमरेघ:
चाचणीचा विषय निघालाच आहे तर थोडं जोडतो. बर्फाचे थर तपासायच्या विस्तारित स्तंभ चाचणीसाठी ९० सें.मी. रुंद आणि ३० सें.मी. आत असा ठोकळा चारही बाजूंनी मोकळा कापतात. एका टोकावर फावडं आडवं ठेवून दहा टपल्या मनगटातून, दहा कोपरातून, दहा खांद्यातून. भेग पूर्ण ९० सें.मी. पळाली तर तो थर वाईट. पळाली नाही म्हणजे उतार चांगला, असा उलट अर्थ मात्र काढता येत नाही, कारण वीस पावलांवर थर वेगळा असू शकतो. चाचणी फक्त "नको" म्हणायला वापरायची. नवशिक्या गटाने ती वाटाड्याकडून बघून शिकावी, निर्णय तिच्यावर टाकू नये.

सोंडवाट:
दोघांचे आभार. म्हणजे पहिले तीन दिवस कोंगडोरी, मग परिस्थिती बघून मुख्य बाउल. पण "परिस्थिती" रोज सकाळी कुठे बघायची? आणि मुख्य बाउलमध्ये जायची वेळ आलीच तर मऊ बर्फात आमचं नेमकं काय चुकेल?

घळवाटाड्या:
गस्त पथक हिमस्खलनाच्या धोक्याची सूचना रोज काढतं, १ ते ५ अशा पातळीत. सकाळी निघण्याआधी ती वाचा. फक्त आकड्यावर थांबू नका. कोणत्या उंचीवर, कोणत्या दिशेच्या उतारावर आणि कशामुळे, ही तीन वाक्यं जास्त कामाची असतात. ३ म्हणजे मध्यम असा समज सर्रास आहे. प्रत्यक्षात ३ चा अर्थ "लक्षणीय", आणि एकट्या माणसाच्या वजनाने स्लॅब सुटू शकतो. याशिवाय आपत्ती व्यवस्थापनाचा जिल्हावार इशारा येतो; गुलमर्ग बारामुल्ला जिल्ह्यात आहे. तो इशारा मोठ्या प्रदेशासाठी असतो, एका बाउलसाठी नाही.

बाहेरच्या राज्यातलं प्रीपेड सिम तिकडे चालत नाही. चौघांपैकी निदान दोघांकडे पोस्टपेड हवं.

पावडरपोळी:
मऊ बर्फातल्या चुका आणि सामान, दोन्हीवर लिहिते.

दाबलेल्या उतारावर तुम्ही वजन बाहेरच्या पायावर टाकून कड रुतवता. खोल बर्फात तेच केलं तर तो एकटा पाय बुडतो आणि तुम्ही पुढे फेकले जाता. वजन दोन्ही पायांवर साधारण सारखं, पाय जवळ, आणि वळण लांब. वेग फार कमी ठेवला तर स्की वर येतच नाही. नवशिके घाबरून हळू जातात आणि म्हणूनच अडकतात. मागे झुकून बसू नका. दहा वळणांत मांड्या पेटतात आणि पुढची टोकं हातातून जातात. नडगी बुटाच्या पुढच्या जिभेला टेकलेली राहिली पाहिजे. आधी सौम्य उतारावर, सरळ जाताना हलक्या उड्या मारत खाली-वर होण्याचा ताल बसवा, वळण त्या तालातून येतं.

पडल्यावर उठायला पोल हातात धरून टेकवले तर हात खांद्यापर्यंत आत जातो. दोन्ही पोल बर्फावर फुलीसारखे आडवे ठेवा आणि फुलीच्या मध्यावर तळहात दाबून उठा. निसटलेली स्की खोल बर्फात बुडून मागे राहते, तुम्ही थांबता त्या जागी सापडत नाही. थांबलात तिथून वरच्या बाजूला शोधायला सुरुवात करा, पोल आडवा फिरवत. भाड्याच्या दुकानात दीड मीटरची रंगीत फीत मिळते का बघा. एक टोक बाइंडिंगला (बूट स्कीला धरणाऱ्या पकडीला), उरलेली पँटच्या पायात खोचायची.

भाड्याचं सामान: स्कीचा मधला भाग ९५ ते १०५ मि.मी. रुंद, लांबी नाकापर्यंत. दुकानदार "पावडर आहे" म्हणून ११५ ची देतील. पहिल्यांदा नको, रुंद स्की एका कडेवरून दुसऱ्या कडेवर न्यायला जोर लागतो आणि कोंगडोरीच्या कडक भागात ती थरथरते. तळ हाताने चाचपा, खडकाने पडलेल्या खाचा कडेपर्यंत गेलेल्या असतील तर जोडी बदलून घ्या. बूट तपासताना आतला मऊ बूट काढून टाका, पाऊल रिकाम्या कवचात घाला, बोटं पुढे टेकवा. टाचेमागे दीड ते दोन सें.मी. जागा हवी. तीन सें.मी. असेल तर बूट मोठा आहे, आणि मोठ्या बुटात पाय दुखत नाही पण स्की ऐकत नाही. बाइंडिंग लावताना वजन, उंची, वय आणि स्कीची पातळी खरी सांगा. पातळी फुगवून सांगितली तर पडल्यावर बूट सुटत नाही, आणि गुडघा जातो.

आता चौथा प्रश्न. होय, दोरीच्या आतही, दुसऱ्या टप्प्यावर जाणार असाल तर चौघांकडेही ट्रान्सीव्हर, किमान २४० सें.मी.ची प्रोब (बर्फात खुपसून शोधायची सळी) आणि धातूचं फावडं. प्लास्टिकचं फावडं नको, घसरून थांबलेला बर्फ काही मिनिटांत सिमेंटसारखा बसतो. ट्रान्सीव्हर तीन अँटेनांचा, ४५७ किलोहर्ट्झचा. अल्कलाइन सेल घाला, रिचार्जेबल चालत नाहीत, कारण त्यांची उरलेली ताकद यंत्राला नीट कळत नाही. ट्रान्सीव्हर सिग्नल पाठवत असताना मोबाइल त्याच्यापासून २० सें.मी. आणि शोधताना ५० सें.मी. लांब, शोधताना तर बंदच.

आणि सामान घेऊन खिशात ठेवण्याला अर्थ नाही, म्हणून सराव. गाडलेला माणूस पहिल्या १०-१५ मिनिटांत निघाला तर वाचण्याची शक्यता चांगली असते, त्यानंतर ती झपाट्याने उतरते. बाहेरून मदत एवढ्या वेळात येत नाही, तुमचे तीन मित्र हीच मदत. कोंगडोरीला किंवा हॉटेलच्या अंगणात एक ट्रान्सीव्हर पिशवीत घालून अर्धा मीटर पुरा आणि घड्याळ लावा. क्रम असा: उरलेल्या सगळ्यांनी यंत्रं शोधावर आणायची (एक जरी पाठवत राहिला तरी सगळा गोंधळ). ४० मीटरच्या पट्ट्यात उतारावर आडवं-तिरकं जायचं, सिग्नल मिळेपर्यंत. मिळाला की बाणामागे जा, आकडा कमी होत गेला पाहिजे. १० मीटरच्या आत आलात की वेग कमी, ३ मीटरच्या आत आलात की यंत्र बर्फाला टेकवून फुलीसारखं फिरवा आणि सर्वांत लहान आकड्याची जागा पकडा. तिथून प्रोब, उताराला काटकोनात, २५ सें.मी.च्या अंतराने गोल गोल बाहेर. लागलं की प्रोब काढायची नाही. फावडं प्रोबच्या खालच्या बाजूने, उतारातून आत शिरत चालवायचं. वरून विहीर खणलीत तर वेळही जातो आणि खालच्या माणसावर वजनही पडतं. चौघांनाही पाच मिनिटांच्या आत जमेपर्यंत दुसरा टप्पा नाही, असा नियम करा.

घळवाटाड्या:
रुंदीबद्दल किंचित मतभेद. मोठ्या हिमवृष्टीनंतर लगेच गेलात तर १०५ ही खालची मर्यादा धरा. पण बर्फ पडून चार दिवस झाले असतील तर वरची सूचना योग्य. पोचल्यावर बघून ठरवा, दुकानात जोडी बदलून मिळते का ते आधीच विचारा.

उतारावर दोन गोष्टी पाळा. बाउलमध्ये एका वेळी एकच जण उतरेल, बाकीचे सोंडेवर थांबून बघत राहतील, आणि थांबायची जागा घळीच्या तोंडाशी कधीच नाही. दुसरं, धुकं आलं तर झाडांच्या वर काहीच दिसत नाही, उतार चढतोय की उतरतोय तेही कळत नाही. अशा वेळी पुढे न जाता गोंडोलाच्या खांबांच्या रेषेला धरून राहा.

सोंडवाट:
सराव पुण्यातच मातीच्या मैदानावर सुरू करतो, ट्रान्सीव्हर भाड्याने मागवतोय. शेवटचा प्रश्न: टंगमर्गपर्यंत जंगलातून स्कीने उतरता येतं असं वाचलं. शेवटच्या दिवशी करावं का?

हिमरेघ:
वरून टंगमर्ग म्हणजे सुमारे १,८०० मीटर खाली, सगळं दोरीबाहेर. या खेपेला नको. जंगलात वारा कमी आणि बर्फ मऊ असतो हे खरं, पण देवदार आणि फरच्या बुंध्याभोवती फांद्यांमुळे पोकळी राहते. तिच्यात डोकं खाली करून पडलेल्याला स्वतःहून बाहेर येता येत नाही. खालच्या शेवटच्या भागात बर्फ पातळ, ओला आणि खाली दगड, ओंडके. तेवढ्यासाठी स्थानिक वाटाड्या, झाडांतली चपळ वळणं आणि खालून परत यायला ठरवलेली गाडी, तिन्ही लागतात.

जाताना पहिल्या दोन रात्री गुलमर्गलाच काढा आणि दुसऱ्या टप्प्यावर जाऊ नका. ३,९५० मीटरवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या ६२ टक्क्यांच्या आसपास असतो. सह्याद्रीतल्या दमाचा याच्याशी संबंध नाही, डोकं दुखत असेल तर त्या दिवशी खालीच. टंगमर्ग ते गुलमर्ग हे १३ किलोमीटर ताज्या बर्फात साखळी लावलेल्या किंवा चारही चाकं चालणाऱ्या गाडीनेच करा. परतीचं विमान आणि शेवटचा स्कीचा दिवस यांत एक मोकळा दिवस ठेवा, हिमवृष्टीत श्रीनगरची विमानं रद्द होतात. आणि विम्याच्या कागदात "ऑफ-पिस्ट" शब्द शोधा. बहुतेक साध्या प्रवास विम्यांत तो वगळलेला असतो.